पत्रपेटीच्या पुरवण्या

एकत्र कुटुंबांत देवघर एक, स्वयंपाकघर एक, तसा घरच्या पत्रव्यवहाराचा संगणकहि एकच असावा, असा आमच्या वडीलबंधूंचा, म्हणजे दादांचा, पहिल्यापासून आग्रह. मुलांच्या खिशांत आपापले फोन आले, सुनांनीं आपापले संगणक घेतले. तरी शेतीचे उतारे, बँकेचीं कागदपत्रें, परगांवच्या आणि परदेशच्या नातलगांचीं पत्रें, असा घराचा म्हणून जो व्यवहार आहे तो अद्याप दिवाणखान्यांतील त्याच एका यंत्रावरून होतो. त्यावर ई-मेलचें काम करणारा जो प्रोग्रॅम आहे, त्याचें नांव थंडरबर्ड. तेरा माणसांचें घर आणि टपालपेटी एक, अशी स्थिति असल्यावर त्या पेटींत काय सुधारणा व्हाव्या याविषयीं तेरा मतें असावयाचीं, हें एकत्र कुटुंबांत दिवस काढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. त्या मतांचीच हकीकत येथें देत आहों. कारण त्यांतून आमच्या घरांत एक प्रश्न असा निघाला कीं, त्याचें उत्तर देतांना सर्वांनाच थोडें गंभीर व्हावें लागलें.

आजकाल पत्रें दुसऱ्याच्या कोठारांत ठेवून तेथेंच जाऊन वाचण्याची चाल पडली आहे. दादांना ती मान्य नाहीं. आपलीं पत्रें आपल्या घरांत असावीं, हें त्यांचें म्हणणें. आणि थंडरबर्ड हा पत्रें आपल्या यंत्रावर उतरवून ठेवूं शकत असल्यानें तो त्यांना पसंत पडला. मोझिला या संस्थेनें त्याची पहिली पूर्ण आवृत्ति ७ डिसेंबर २००४ रोजीं प्रसिद्ध केली. तो विनामूल्य मिळतो, आणि आतां त्याचा खर्च मुख्यतः वापरणारांच्या देणग्यांवर चालतो. त्याचा विशेष म्हणजे त्याला जोडतां येणाऱ्या पुरवण्या. ॲड-ऑन म्हणतात त्या ह्याच. परीक्षेंत मूळ उत्तरपत्रिका अपुरी पडली कीं दोऱ्यानें पुरवणी बांधतात, तशीच ही योजना. मूळ कर्त्यांना जें सुचलें नाहीं किंवा करावयास सवड झाली नाहीं, तें कोणी तिसराच मनुष्य, बहुधा स्वतःची नड म्हणून, लिहितो आणि सर्वांस देऊन टाकतो.

आमच्याकडे पहिली सूचना आली ती वहिनींची. लिहिलेलें पत्र लगेच जातां कामा नये, असें त्यांचें मत. पूर्वीं पत्र लिहून झालें तरी पाकीट चिकटवावयाचें, तिकीट शोधावयाचें, आणि कोणी बाहेर जाईपर्यंत तें कोनाड्यांत पडून राहावयाचें. तेवढ्या अवधींत राग निवळे. आतां बोट टेंकलें कीं पत्र गेलें. थंडरबर्डमध्यें पत्र मागाहून पाठविण्यासाठीं बाजूला ठेवण्याची सोय मुळांतच होती. पण तें नेमकें केव्हां जावें ही वेळ ठरवितां येत नसे. ती उणीव 'सेंड लेटर' नांवाच्या पुरवणीनें भरून काढली. अमक्या दिवशीं अमक्या वाजतां असें सांगून ठेवावें. पत्र त्या वेळीं निघतें. अट एवढीच कीं, तेव्हां यंत्र आणि प्रोग्रॅम चालू असला पाहिजे. आमच्या पुतण्यानें ही अट पुरवणीचा दोष म्हणून सांगितली. वहिनी म्हणाल्या, "घर झोंपलें असतां घराचें पत्र बाहेर जाऊंच नये." पुढें त्यांच्या माहेरचें घर विकण्याविषयीं धाकट्या भावानें त्यांना न विचारतां बोलणीं सुरू केलीं, त्या रात्रीं त्यांनीं त्याला एक लांबलचक पत्र लिहिलें आणि दुसऱ्या दिवशीं अकराची वेळ घालून ठेविली. सकाळीं चहा होतांच तें पुन्हां उघडून वाचलें, त्यांतील तीन परिच्छेद काढून टाकले, आणि 'सही करण्यापूर्वीं कागद मला दाखव' या अर्थाच्या चार ओळी तेवढ्या राहूं दिल्या. आठ दिवसांनीं भाऊ कागद घेऊन स्वतः आला.

दुसरी अडचण घरोघरचीच. 'सोबत जोडलें आहे' असें लिहावयाचें आणि जोडावयाचें विसरावयाचें. डिसेंबर २००९ मध्यें निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत, मजकुरांत तसा शब्द दिसून जोडकागद नसला तर प्रोग्रॅमनेंच आठवण करावी, अशी व्यवस्था झाली. इंग्रजी आवृत्तींतील ते शब्द अर्थात् इंग्रजी. परंतु ती यादी वापरणारास वाढवितां येते. पुतण्यानें तींत 'सोबत' हा शब्द घातला. आतां काकूंनीं 'आत्याबाईंच्या सोबतीला कोण आहे?' असें विचारलें, तरी यंत्र म्हणतें कीं, कांहीं जोडावयाचें राहिलें काय?

काकूंची स्वतःची सूचना मात्र बरीच खोल निघाली. थंडरबर्डमध्यें दिनदर्शिका आहे. एकदां नोंद केली कीं दरवर्षीं त्याच तारखेस ती आठवण करते. काकूंनीं विचारलें, "तारखेनें श्राद्ध कोण करतें?" चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान; ती तूट भरून काढावयास अधिक मास यावयाचा, जसा २०२३ सालीं अधिक श्रावण आला. 'दरवर्षीं त्याच दिवशीं' ह्या साध्या हुकुमांत हें बसत नाहीं. म्हणून आम्ही दर पाडव्याला पंचांग घेऊन बसतों आणि वर्षाच्या सर्व तिथि हातानें घालतों. पंचांगाचें गणित करणारी एखादी पुरवणी असावी, ही काकूंची मागणी ऐकावयास सोपी. पण पुतण्या कागद घेऊन बसला, तों तिच्यांतून दुसरेच प्रश्न निघूं लागले. व्रताला तिथि बहुधा सूर्योदयाची पाहावयाची, श्राद्धाला अपराह्णकाळची. आमची धाकटी बहीण न्यू जर्सींत राहते. तिच्या येथला सूर्योदय निराळा, अपराह्ण निराळा. म्हणजे एकाच पित्याचें श्राद्ध पुण्यांत एका तारखेस आणि तिकडे आदल्या तारखेस येण्याचा संभव. आतां पुरवणीनें तिथि धरावी ती कोणत्या गांवची? काकू म्हणाल्या, "जेथें पिंड पडतो तेथली." इतकें स्वच्छ उत्तर एखाद्या संगणकतज्ज्ञानें दिलें असतें कीं काय, याची आम्हांस शंका आहे.

येथें कोणी विचारील कीं, अशा सोयी मूळ प्रोग्रॅममध्येंच कां घालूं नयेत? कित्येक घालतातहि. वर सांगितलेली दिनदर्शिका आरंभीं 'लाइटनिंग' नांवाची पुरवणीच होती. २०१५ सालीं ३८ व्या आवृत्तीबरोबर ती सर्वांस मिळूं लागली. पत्र गुप्त लिपींत धाडण्याची सोय 'एनिग्मेल' ही पुरवणी वर्षानुवर्षें देत असे. २०२० सालीं ७८ व्या आवृत्तींत मूळ प्रोग्रॅमनें ती आपल्याकडे घेतली. सुनेनें माहेराहून आणलेला एखादा पदार्थ पुढें घरचाच म्हणून पाहुण्यांस वाढला जावा, तसें हें झालें. परंतु सर्वच सूचनांचें असें होऊं नये, असें आमचें मत आहे. तेरा जणांच्या आवडीची भाजी रोज करावयाची म्हटलें तर चुलीपुढें बसणारीचे काय हाल होतील? २०१२ सालीं मोझिलानें थंडरबर्डवरील नवें काम आटोपतें घेतलें, तेव्हांपासून कित्येक वर्षें तो मोजक्या माणसांच्या, त्यांतहि स्वयंसेवकांच्या, श्रमावर जगला, हें सूचना करणारानें ध्यानांत ठेवावयास हवें.

पुरवण्यांची दुसरी बाजू आम्हांस कळली ती ह्याच ७८ व्या आवृत्तीच्या वेळीं. जुन्या पुरवण्यांना मूळ प्रोग्रॅमच्या आंत कोठेंहि हात घालण्याची मोकळीक होती. बिऱ्हाडकरूनें हव्या त्या भिंतींत खुंटी ठोकावी, तसें. कर्त्यांनीं एक भिंत हलविली कीं दहा खुंट्या निखळत. ७८ व्या आवृत्तीपासून पुरवण्यांसाठीं ठराविक दारें नेमून देण्यांत आलीं, आणि आंत यावयाचें तें त्या दारांनींच, असा नियम झाला. ज्या पुरवण्या कोणी नव्या नियमाप्रमाणें लिहून काढल्या नाहींत, त्या तेथेंच थांबल्या. कांहींचें दैव बरें. पत्रें बाहेर काढून जपून ठेवणारी 'इंपोर्टएक्स्पोर्टटूल्स' नांवाची जी जुनी पुरवणी, तिचें काम दुसऱ्या गृहस्थानें हातीं घेतलें आणि ती 'एनजी' अशीं अक्षरें लावून पुढें चालू राहिली.

दादांची आवडती पुरवणी अशी तरली नाहीं. पत्राच्या कडेला आपला शेरा लिहून ठेवावयाची ती लहानशी सोय होती. दादांनीं वर्षानुवर्षें शेरे लिहिले होते: 'हिशेब पुरा', 'पोंच आली', आणि पुष्कळ पत्रांवर, 'आईस वाचून दाखविलें'. आई गेल्यावर ह्या शेवटच्या शेऱ्यांना कोणती किंमत आली असेल, हें काय सांगावयाचें? नवी आवृत्ति घेतली कीं ते दिसेनासे होणार, हें आधींच कळल्यामुळें दादांनीं जुनीच आवृत्ति धरून ठेविली. पुतण्याचें म्हणणें असें कीं, जुन्या आवृत्तीची डागडुजी बंद झाली म्हणजे चोरवाटा उघड्या राहतात, आणि ह्याच यंत्रावर बँकेचीं पत्रें येतात. दोघेहि बरोबर होते. जेवणाच्या वेळीं हा विषय काढूं नये, असें शेवटीं काकूंना सांगावें लागलें.

प्रश्न निघाला तो येथें. पुरवणी गेली तर मागें काय उरतें? पत्रांविषयीं उत्तर समाधानाचें होतें. थंडरबर्ड एका कप्प्यांतील सर्व पत्रें साधारणतः एकाच लांबलचक फाइलींत एकाखालीं एक ठेवतो. ही रचना त्याच्याहूनहि पुष्कळ जुनी आहे, आणि दुसरे प्रोग्रॅमहि ती वाचतात. उद्यां थंडरबर्ड नाहींसा झाला तरी पत्रें राहतील. शेरे मात्र पुरवणीनें आपल्याच रीतीनें निराळे ठेविलेले. त्यांना तिच्यावांचून दुसरा वाचक नव्हता. कोणतीहि सुधारणा सुचवितांना आम्ही आतां पहिली चौकशी करतों ती हीच. सोय कितीहि गोड असो, तिनें आपलें लिखाण स्वतःच्या कुलपांत ठेविलें तर ती आम्हांस नको. दादांनीं काय केलें म्हणाल, तर एक चोपडी घेतली आणि सारे शेरे पत्राच्या तारखेसह हातानें उतरून काढले. चातुर्मासाचे दोन महिने त्यांत गेले. मग त्यांनीं स्वतः होऊन पुतण्याला नवी आवृत्ति घालावयास सांगितलें.

हें उतरतांना आईचीं पत्रें पुन्हां वर आलीं. २००६-०७ सालीं आई न्यू जर्सीला बहिणीकडे होती. ती सांगे आणि मेहुणे टंकीत. त्या काळीं शिवाजी, श्री-लिपि अशा फॉन्टांत मराठी लिहीत. यंत्राच्या लेखीं अक्षर इंग्रजीच. त्यावर देवनागरीचा पोशाख चढविलेला. फॉन्ट नसला कीं पोशाख गळतो आणि इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग पुढें येते. युनिकोडमध्यें देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ सालींच मिळाले होते, पण ते घरोघर रुळावयास फार दिवस लागले. जुना फॉन्ट घालून दिवाणखान्यांत पत्र वाचतां येई. नातवंडांस धाडलें तर त्यांच्या फोनवर पुन्हां तीच रांग.

तेव्हां यावर पुरवणी लिहावी, ही सूचना दादांचीच. पुतण्यानें ती मनावर घेतली. काम दिसतें तितकें सोपें नव्हे. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधीं टंकावयाची, कारण ती कागदावर आधीं दिसते. युनिकोडमध्यें ती व्यंजनानंतर येते. रफाराचें याच्या अगदीं उलट. दादांची अट अशी कीं, मूळ पत्रास हात लागतां कामा नये; पुरवणीनें बदल करावयाचा तो फक्त दाखवितांना. वहिनींनीं निराळेंच विचारलें: "ही आईंचीं पत्रें वाचणार, म्हणजे आमचींहि वाचणार ना?" प्रश्न रास्त होता. पुरवणी घेतांना थंडरबर्ड तिला लागणाऱ्या परवानग्या सांगतो, आणि पत्रें वाचण्याचें दार एकदां उघडलें कीं तें एकट्या आईच्या पत्रांपुरतें राहत नाहीं. ही पुरवणी घरांतल्या मुलानें लिहिली म्हणून चाललें. परक्याची असेल तर ती कोणाची, आणि तिला पत्रें वाचण्याची गरजच काय, हें कळल्याशिवाय ती घ्यावयाची नाहीं, असा वहिनींनीं तेव्हांच दंडक घातला, आणि तो अद्याप चालूं आहे.

पहिल्या दिवशीं 'वर्ष' या शब्दाचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. मग दादा चुकीचे शब्द चोपडींत टिपून देऊं लागले, आणि पुतण्या रात्रीं ते दुरुस्त करूं लागला. आतां बहुतेक पत्रें लागतात. थंडीची तक्रार, तेथल्या कणकेची तक्रार, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटीं दादांच्या पथ्याची चौकशी. पांच पत्रांत कांहीं अक्षरें अद्याप जुळलेलीं नाहींत. त्यांसाठीं बहिणीकडे विचारणा केली आहे. काकूंनीं मात्र पुतण्याला परवांच गांठून विचारलें कीं, जाऊबाईंचीं पत्रें लागलीं, आतां त्यांची तिथि केव्हां लावणार?