मोरजीची वाळू

म्हापशाहून शिवोलीचा पूल ओलांडला की चोपडेमार्गे मोरजी येते. येथेच शापोरा नदी सागरास मिळते. दिवाळी सरली की रात्रीच्या निवांत वेळी ऑलिव्ह रिडले जातीची मादी या वाळूत खड्डा करते, सुमारे १०० अंडी घालते आणि मागे न पाहता समुद्रात परतते. पुढची राखण माणसाकडे! वनखात्याचे रक्षक अंड्यांभोवती कुंपण घालून दीड-दोन महिने पहारा करतात.

कायदाही पाठीशी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवास अभय दिले आहे. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध घातले. २०११ च्या अधिसूचनेत तर मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांचा नामनिर्देशच झाला.

परंतु अंतराची मर्यादा भिंतीला घालता येते. उजेड ती जुमानीत नाही. नवजात पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावते. काळोखात ते क्षितिज समुद्राचेच असते; मात्र उपाहारगृहांचे दिवे झगमगले की ते जमिनीकडे वळते आणि प्राणास मुकते. म्हणून मोसमात तेथे उतरणाऱ्या वाचकांनी समुद्राकडील दिवा तेवढा मालवावा. कायद्याचे उरलेले काम तेवढ्याने पुढे सरकेल.