ट्रिपल सेव्हनचे दिवस

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या कुरखेड्यात इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, तेव्हा ‘पर्मिशन डिनाइड’ ही ओळ घरच्यासारखी ओळखीची होती. मोडेमची किरकिर थांबायची, पीएचपीची फाइल एफटीपीने रडतखडत चढायची, आणि फोटो टाकायला गेलं की पानाच्या डोक्यावरच इशारा: अमुक फोल्डर, अमुक ओळ, पर्मिशन डिनाइड. पावसात लाइन गेली तर उरलेलं काम वडशाला जाऊन.

औषध एकच. मागून कुणीतरी ओरडायचं, “ट्रिपल सेव्हन मार ना बे!” वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. मालकाला सात, गटाला सात, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सात. काम व्हायचं, मग कारण कोण विचारतो? फाइल आपल्या नावावर असायची, पण आपली स्क्रिप्ट सर्व्हर ‘नोबडी’ नावाच्या भलत्याच युजरने चालवायचा. शेजारच्या साइटींच्या स्क्रिप्टही त्याच नावाने चालायच्या, म्हणजे आपला फोल्डर त्यांनाही मोकळा. आणि जिथे स्क्रिप्ट मालकाच्याच नावाने चालवणारं ‘सुएक्झेक’ असे, तिथे ७७७ दिलं की स्क्रिप्ट चालायचीच नाही. थेट ५०० एरर!

कधी फाइलला सात दिले तरी दार उघडत नसे. वरच्याच एखाद्या फोल्डरला आत शिरण्याची परवानगी नसे. वरच्या परवानगीसाठी अडणं आमच्या जिल्ह्याने जंगलातही पाहिलं. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू गावाचा झाला. पण तो विकायला बाहेर काढायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे यायला एप्रिल २०११ उजाडला.

आता पीएचपी-एफपीएममुळे बहुतेक ठिकाणी प्रत्येक साइट आपल्याच मालकाच्या नावाने चालते. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४, बास. चूक झालीच तर समोर नुसतं ५००, नाहीतर कोरं पान. खरी ओळ लॉगमध्ये. हे बरंच आहे, सर्व्हरचा आतला पत्ता परक्याला कशाला दिसावा? ७७७ गेलं त्याचं मला तिळमात्र दुःख नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की चूक डोळ्यांसमोर असायची म्हणून आम्ही ती वाचायचो. आजची पोरं कोरं पान पाहून होस्टिंगच बदलायला निघतात.

तेव्हा पोरांनो, आधी लॉग उघडा. मग मुळापासून फाइलपर्यंत एकेका फोल्डरचा मालक आणि परवानगी तपासा. स्क्रिप्टमध्ये ‘@’ लावून चूक गिळू नका. लिहिण्याआधी फोल्डर लिहिता येतो का ते बघा, आणि येत नसेल तर वापरणाऱ्याला साध्या मराठीत सांगा.