ससून डॉकचा जवळा आणि काचेतला समुद्र

रविवारची सुट्टी म्हटली की आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या वाट्याला सभा, बैठका आणि देणगीच्या पावत्यांचा हिशेब येतो. पण गेल्या महिन्यातला एक रविवार मी माझ्या भाच्याबरोबर काढला. पहाटे चार वाजता घरून निघालो आणि रात्री परतलो. या एका दिवसात मला जे पाहायला मिळाले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या थोरल्या अक्काचा हा मुलगा. बारावीनंतर काही दिवस इकडे तिकडे फिरला आणि मग मत्स्यटाक्या बसवणाऱ्या एका दुकानात कामाला लागला. आता तो स्वतंत्रपणे सात टाक्यांची देखभाल करतो. सहा गोड्या पाण्याच्या, एक खाऱ्या पाण्याची. खाऱ्या पाण्याची ही टाकी फोर्टमधल्या एका दवाखान्यात आहे, चारशे लिटरची. तिची मजुरी बाकीच्या तीन टाक्यांएवढी. तीच नोकरी दोन महिन्यांपूर्वी जायला आली होती.

झाले असे की, टाकीतल्या निळ्या सर्जन माशाच्या डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले. 'नेमो'च्या सिनेमातली डोरी, ती याच जातीची. शेपटीच्या मुळाशी वस्ताऱ्यासारखा काटा असतो म्हणून याला सर्जन म्हणतात. हळूहळू त्याचा रंग उडाला, पोट आत गेले. डॉक्टरसाहेबांनी सरळ सांगितले, दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर दुसरा माणूस बघतो. घरी येऊन पोरगा जेवला नाही. अक्काने मला निरोप धाडला. मी गेलो तर म्हणाला, "मामा, चूक माझीच आहे. वर्षभर मी त्यांना एकच खाणं घातलं. डब्यातले दाणे, नाहीतर गोठवलेली आर्टेमिया. सोपं पडायचं." चूक कबूल करणारा पोरगा मला आवडला. तू काय करतोस ते एक दिवस मला दाखव, असे मी त्याला म्हटले.

पहाटे नायगावहून दादरपर्यंत चालत आलो, चर्चगेट लोकल पकडली आणि तिथून बसने कुलाब्याला ससून डॉक गाठले. १८७५ साली बांधलेला हा धक्का आजही पहाटेच जागा होतो. होड्यांतून टोपल्या हवेत उडतात, वरचा माणूस त्या झेलतो. बर्फाचा चुरा, पाण्याचा चिखल, लिलावाची ओरड. एका बाजूला शेकडो बाया उकिडव्या बसून कोलंबी सोलत होत्या. बोटे बर्फाने पांढरी पडलेली, पण हात थांबत नव्हता. आपल्या ताटातल्या कोलंबीमागे कुणाची पहाट असते, ते इथे कळते.

भाच्याची तिथे ओळख झालेली दिसली. एक मावशी लांबूनच म्हणाल्या, "आला बघा माशांचा आचारी!" सगळ्या हसल्या. त्याने ताजा जवळा एक किलो घेतला. मग थोडी करंदी, नळासारखी माकूल, पाव किलो तिसऱ्या आणि मांदेलीचा छोटा वाटा. मी विचारले, "एवढे प्रकार कशाला? नुसता जवळा घेतला असता तर स्वस्तात झालं असतं."

"मामा, तेच तर चुकलं होतं," तो म्हणाला. "समुद्रात मासा दिवसभर हिंडतो, दहा ठिकाणी तोंड घालतो. टाकीत त्याला आपण देऊ तेवढंच."

मग त्याने सांगितले ते असे. खाऱ्या पाण्यातल्या माशांना काही विशिष्ट स्निग्ध पदार्थ लागतात. ते त्यांना स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाहीत, समुद्रातल्याच जिवांतून मिळावे लागतात. म्हणून कोंबडीचे किंवा बकऱ्याचे मटण त्यांना चालत नाही, ती चरबी त्यांना पचत नाही. आणि समुद्रातलेही एकच एक देऊन भागत नाही. काही कच्च्या माशांत आणि शिंपल्यांत असा घटक असतो की, तो बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो. नुसत्या तिसऱ्या रोज घातल्या तर मासा पोटभर खाऊनही आजारी पडेल. सर्जन मासा तर शेवाळही खाणारा. त्याला वर्षभर नुसते मांसाचे तुकडे मिळाले. डोक्यावरच्या खड्ड्यांची कारणे एकाहून अधिक असतात, पण निकृष्ट आणि एकसुरी आहार हे त्यातले मोठे कारण मानले जाते.

परतताना चर्चगेटहून लोकलने निघालो. चर्नी रोड आले तसा मी डावीकडच्या खिडकीशी सरकलो. तारापोरवाला मत्स्यालय तिथेच, रुळांच्या आणि समुद्राच्या मध्ये. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या प्रत्येकाची तिथली एक तरी आठवण असतेच. मी सातवीत असताना वडील आम्हा भावंडांना घेऊन गेले होते. काचेला नाक लावून मी विचारले होते, "बाबा, हे खातात काय?" वडील जरा थांबले आणि म्हणाले, "आपल्याला कुठं माहीत? तू शिकून सांग मला." मी बी.कॉम. झालो, आकडे मांडायला शिकलो, पण ते उत्तर द्यायचे राहूनच गेले. वडील आता नाहीत. २०१५ साली नूतनीकरण होऊन पारदर्शक बोगद्यासह मत्स्यालय पुन्हा उघडले, तेव्हा मी माझ्या मुलांना नेले. धाकटीने तोच प्रश्न विचारला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत ते लोकांसाठी बंद झाले. गाडी पुढे गेली आणि मी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले. उत्तर त्या पिशवीत होते.

घरी अक्काच्या स्वयंपाकघरात खरा उद्योग सुरू झाला. सगळे गोड्या पाण्यात दोनदा धुतले. माकूल आणि करंदी बारीक चिरली, जवळा तसाच ठेवला. समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापड मिळतो, तेल-मसाला न लावलेला. तो भिजवून कुस्करला. मग चायना ग्रास उकळत्या पाण्यात विरघळवले. तेही समुद्री शेवाळापासूनच बनते. ते कोमट झाल्यावर सगळे त्यात कालवले, जीवनसत्त्वाचे थेंब टाकले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थापून बर्फाच्या कप्प्यात ठेवले. पातळ थापले की हवा तेवढा तुकडा मोडता येतो. अशा तीन वेगवेगळ्या पिशव्या केल्या, एकीत जवळा जास्त, दुसरीत माकूल, तिसरीत शेवाळ. रोज पिशवी बदलायची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, म्हणून मे महिन्यातच पुढची बेगमी करून ठेवायची. उरलेल्या करंदीचे अक्काने कालवण केले. माशांच्या जेवणात आमचेही जेवण झाले.

खिडकीत एक सोड्याची बाटली उलटी टांगलेली होती. आत खारे पाणी आणि हवेची नळी. त्यात आर्टेमियाची अंडी, तपकिरी धुळीसारखी. चोवीस तासांच्या आसपास ती उबतात. चाळीतली पोरे गोळा झाली. भाच्याने हवा बंद करून बॅटरी लावली, तसे नारिंगी ठिपके उजेडाकडे पोहत आले. पोरांनी एकच गलका केला. हा जीव परदेशातल्या खाऱ्या सरोवरांत राहतो, असे पोरांना सांगत असताना भाच्यानेच पुढे सांगितले की, आपल्या वडाळ्याच्या मिठागरांतही तो सापडल्याची नोंद १९५३ सालची आहे. वडाळा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि हे मला ठाऊक नव्हते! अंड्यातून निघाल्यावर थोडेच तास या पिल्लांच्या पोटात बलक असतो. तेवढ्यात ती खाऊ घातली तर उपयोग. उशीर केला की नुसते पाणी आणि कवच.

दुपारी तीन वाजता आम्ही फोर्टमधल्या दवाखान्यात पोहोचलो. रविवार असल्याने शांतता होती. टाकीत दोन क्लाउनफिश, चार डॅमसेल, तो निळा सर्जन, आणि खडकावर बटणांसारखे झोअँथिड व मऊ प्रवाळ. इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वाघासारखेच कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे आणि विकणे गुन्हा आहे. किनाऱ्यावर कुणी विकायला आणले तरी घेऊ नये. मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी व हाजी अलीच्या प्रवाळ वसाहती परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या.

भाच्याने गोठवलेला तुकडा टाकीच्याच पाण्यात वितळवला आणि गाळणीने रस काढून टाकला. तो रस टाकीत गेला तर पाणी बिघडते. शेवाळाचा पापड चिमट्याने काचेला लावला. सर्जन लगेच आला आणि ओरबाडू लागला. मग थोडे थोडे अन्न, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. डॅमसेल हावरट, सगळे आपणच खातात. म्हणून त्यांना एका कोपऱ्यात गुंतवायचे आणि बुजऱ्यांना दुसऱ्या कोपऱ्यात घास द्यायचा. उरलेले सडले की अमोनिया होतो आणि सगळीच मरतात. "मामा, उपाशी मरतात त्याहून जास्त मासे लोकांच्या प्रेमाने मरतात," असे तो म्हणाला. दुकानात मँडरिन नावाचा सुंदर मासा दिसतो, पण त्याला दिवसभर बारीक जिवंत जीव टिपायला लागतात. ते पुरवता येत नसतील तर तो घेऊच नये, भरल्या टाकीत उपाशी मरतो.

शेवटी प्रवाळ. मला वाटायचे ही झाडे आहेत. पण हे प्राणी. अनेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि घरमालकाला वाटा देते, बहुतेक ऊर्जा त्यातूनच मिळते. तरी तेवढ्याने भागत नाही. वाढीला लागणारे नत्र वगैरे मिळवायला प्रवाळ पाण्यातले बारीक जीवही पकडतात. समुद्रात पुष्कळ प्रवाळ रात्री आपली बोंडे उघडतात. भाच्याने पंप बंद केला, हातमोजे चढवले. झोअँथिडमध्ये जालीम विष असू शकते, जखमेच्या हाताने शिवायचे नाही. ड्रॉपरने आर्टेमियाची पिल्ले आणि जवळ्याचा चुरा हळूच सोडला. क्षणभर काही झाले नाही. मग एक बटण मिटले, दुसरे मिटले. मूठ वळावी तसे. आठवड्यातून दोनदा एवढेच पुरे. दहा मिनिटांनी पंप पुन्हा सुरू केला.

डॉक्टरसाहेब संध्याकाळी खास आले. दोन महिन्यांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ते काचेजवळ वाकले, बराच वेळ सर्जनाकडे बघत राहिले. खड्डे पूर्ण गेले नव्हते, पण उथळ झाले होते. पोट भरले होते, निळा रंग परतला होता. ते एवढेच म्हणाले, "दाण्यांचा डबा तू घेऊन जा. इथं ठेवला की वॉचमन मूठमूठ टाकतो. खाणं तूच ठरव." पोराने डबा पिशवीत टाकला. जिना उतरेपर्यंत तो काही बोलला नाही.

रात्री घरी आलो तेव्हा धाकटी नेहमीप्रमाणे चहात बिस्कीट बुडवत बसली होती. तेच तिचे सकाळचे, तेच संध्याकाळचे. स्वस्त आणि सोपे म्हणून आपणही पोरांचे पोट एकाच गोष्टीने भरतो आणि पोर खाते म्हणून समाधान मानतो. मी तिच्या आईला म्हटले, उद्यापासून मटकी, पालेभाजी, एखादे अंडे, आठवड्यातून एकदा जवळा, असे बदलून बदलून करू. ती म्हणाली, "बाजारात तुम्ही जा, मग करते." बरोबरच होते तिचे.

झोपताना धाकटीने विचारले, "बाबा, ते मासे काय खातात?"

या वेळी मी सविस्तर सांगितले.