लोण्याचा निबंध

परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या आईबापांनी दुपारचे काय करावे, हा प्रश्न अजून कोणत्याही सरकारने सोडवलेला नाही. 2016 च्या मे महिन्यात मी डब्लिनला गेले तेव्हा तो माझ्यापुढेही उभा राहिला. मुलगा आणि सून आठाच्या ठोक्याला बाहेर पडत, नातू शाळेत जाई, आणि मागे उरत असू आम्ही तिघे: मी, भिंतीवरचे घड्याळ आणि काचेपलीकडचा भुरभुर पाऊस.

त्या पावसानेच माझी ओळख करून दिली. एका सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घातले. पाऊस आला म्हणून धावत काढले. ऊन पडले म्हणून पुन्हा घातले. तिसऱ्या खेपेला कुंपणापलीकडून हसू ऐकू आले. पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक आजीबाई काठीवर रेलून माझी कवायत पाहत होत्या. म्हणाल्या, "बाई, इथं कपडे कुणी मधेच काढत नाही. ते भिजतात, वाळतात, पुन्हा भिजतात. संध्याकाळी जसे असतील तसे आत न्यायचे!"

त्या दिवसापासून माझा चारचा चहा त्यांच्याकडे होऊ लागला. वय वर्षे नव्वद, घरात एकट्या. चहाच्या आग्रहात मात्र त्या मुळीच पुणेकर नव्हत्या. नको म्हटले तरी दुसरा कप येई. माझे इंग्रजी शाळामास्तरणीचे, त्यांचे पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातले. पहिले चार दिवस आम्ही एकमेकींकडे पाहून नुसत्याच माना डोलावल्या. मग कान सरावले.

मी त्यांना त्यांच्याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यासारखीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार?" आणि पुढे दोन तास बोलत राहिल्या! नऊ भावंडांतल्या त्या सहाव्या. अठराव्या वर्षी इंग्लंडला जाऊन परिचारिका झाल्या, तिथेच लग्न केले, वैधव्यानंतर मायदेशी परतल्या. हे सारे त्या अशा सांगत, की जणू शेजारणीची हकिगत सांगत आहेत.

एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मी काही लेखिका नव्हे, पण माझा एक निबंध सरकारदरबारी जपून ठेवलाय हं!" मला वाटले, म्हातारपणची गंमत. पण गंमत नव्हती.

आयर्लंडमध्ये 1935 साली लोककथा आयोग स्थापन झाला. त्याने शिक्षणखाते आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांच्या साहाय्याने 1937 ते 1939 या काळात एक विलक्षण उद्योग केला. स्वतंत्र आयर्लंडच्या 26 परगण्यांतल्या सुमारे 5,000 शाळांमधल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना सांगितले, की नेहमीचा निबंध आता पुरे. घरी जा, आजीआजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून आणा. विषय नेमून दिलेले होते: दुष्काळाच्या आठवणी, घरगुती औषधे, पावसाचे अंदाज, खेळ, पुरलेली धने, लोणी काढणे. सुमारे 50,000 मुलांनी जे लिहिले त्याची पाने भरली सात लाखांच्या वर! ती आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि संगणकावर घरबसल्या वाचताही येतात.

मी पस्तीस वर्षे शाळेत घालवली. 'माझी आवडती ऋतू' असे चुकीचे लिंग लिहिणाऱ्यांपासून 'मी पंतप्रधान झालो तर' पर्यंत किती हजार निबंध तपासले, त्याची गणती नाही. पण घरी जाऊन आजीला विचारून या, असे एकाही वर्गाला सांगण्याची बुद्धी मला झाली नाही.

माझ्या मुलाने एका रविवारी आजीबाईंना संगणकापुढे बसवले. परगणा, गाव, शाळा असे करत करत ते पान सापडले. बारा वर्षांच्या मुलीचे तिरके, नेटके अक्षर. आजीबाईंनी चष्मा सारखा केला आणि आपलेच अक्षर आपणच वाचून दाखवले.

निबंध लोण्याचा होता. उभ्या लाकडी पिंपात साय घालून दांडा खालीवर करायचा. घुसळण चालू असताना घरात जो येईल त्याने दांड्याला हात लावलाच पाहिजे. नाहीतर घरचे लोणी रुसते. मला हसू आले. ताकाच्या डेऱ्याला दृष्ट लागते म्हणणारी माझी आजी त्या गावात सहज खपून गेली असती.

वाचून झाले. मी म्हटले, "किती छान लिहिलंय!" आजीबाई मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या रात्री आजीनं मला लोण्याचं सांगितलं ते पाच मिनिटं. मग ती थांबली नाही. तिची थोरली बहीण अमेरिकेला गेली, त्याची गोष्ट तिनं सांगितली."

त्या काळी कुणी अमेरिकेला निघाले, की आदल्या रात्री गाव त्या घरी जमे. मयताच्या घरी रात्र जागवतात, तशी ही जिवंत माणसाची रात्र जागवायची. गाणी, नाच, आणि पहाटे रडारड. कारण गेलेला माणूस पुन्हा दिसण्याची आशा नसे. आजीची बहीण जाताना या पिंपाचा दांडा हातात घेऊन शेवटचे घुसळून गेली होती. आजी सांगताना रडली होती.

"मग हे लिहिलं नाहीत?" मी विचारले.

"बाईंनी लोण्याबद्दल विचारलं होतं ना!" त्या म्हणाल्या.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पुढे मुलाने ग्रंथालयातून आणून दिलेल्या पुस्तकांत मी त्या आयोगाबद्दल वाचले. त्याचे संचालक जेम्स डिलार्गी हे विद्यापीठातले अध्यापक. आयोगाच्याही आधी, 1923 पासून, ते केरी परगण्यातल्या शॉन ओ कॉनल नावाच्या निरक्षर शेतकऱ्याकडे जात. या म्हाताऱ्याच्या कथा ऐकायला आता कुणी उरले नव्हते. त्या विसरू नयेत म्हणून तो एकटाच त्या मोठ्याने म्हणे; बाजारातून परतताना गाडीमागून चालत म्हणे. डिलार्गी वर्षानुवर्षे जात राहिले, म्हणून त्या उरल्या.

त्याच परगण्यातल्या ब्लास्केट बेटावरची पेग सेयर्स हीसुद्धा अशीच. आपली जीवनकथा तिने स्वतः लिहिली नाही; ती सांगत गेली आणि मुलगा लिहीत गेला. पुस्तक 1936 साली निघाले. एक मुलगा कड्यावरून पडून गेला, बाकीची मुले एकेक करून अमेरिकेला गेली, हे सारे तिने सांगितले. 1953 साली ते बेटच रिकामे झाले. पण बेटावरची चूल कशी पेटत होती, हे आजही वाचता येते.

आणखी एक गोष्ट वाचून मात्र मी हळहळले. आयोगाचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर लोकांचे बोलणे उतरवून घेत. पैसा तुटपुंजा. म्हणून मजकूर कागदावर उतरवला, की मेण तासून तीच नळकांडी पुन्हा वापरत. शब्द राहिले, बहुतेक आवाज तासले गेले.

जुलैअखेर मी पुण्याला परतले. आमच्या घरी तेव्हा आत्या होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. लग्न केले नाही, शाळेच्या कचेरीत नोकरी केली, आम्हा भावंडांना वाढवले. तिच्याबद्दल आम्हाला एवढेच ठाऊक होते, आणि तिला गाण्याचे वावडे आहे, हेही. रेडिओवर गाणे लागले की ती उठून स्वयंपाकघरात जाई. "आत्या आली, रेडिओ बंद करा," असे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो.

मी वही घेऊन तिच्यापुढे बसले आणि पानशेतच्या पुराबद्दल विचारले. 12 जुलै 1961 ला धरण फुटले तेव्हा आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत होते. मी पाच वर्षांची. मला आठवतो तो नुसता चिखल. आत्याने नीट सांगितले. पाणी कुठवर चढले, आम्हाला घेऊन सगळे पर्वतीकडे कसे पळाले, परत आल्यावर घराच्या जागी काय होते. मी सारे उतरवून घेतले. तिचे सांगून झाले. एरवी मी वही मिटून कुकर लावायला उठले असते.

पण मला लोणी आठवले. मी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "माझी पेटी होती गं."

"कसली पेटी?"

"बाजाची. पगारातून थोडे थोडे साठवून घेतली होती. शिकत होते मी. पुढच्या महिन्यात परीक्षेला बसायचं होतं."

नुकसानीच्या पंचनाम्याला माणसे आली, तेव्हा बाबांनी भांडी, अंथरुणे, शिवणयंत्र सांगितले. आत्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही.

"का नाही सांगितलंस?"

"अगं, लोकांची माणसं वाहून गेली होती. मी पेटीसाठी रडायचं?" आणि मग, "पुन्हा घ्यायची म्हटलं तर तुम्ही पोरं होतात. पुस्तकं, फिया. राहून गेलं."

पंचावन्न वर्षे आम्ही रेडिओ बंद करत होतो.

मी तिला गा म्हटले. ती नको नको म्हणाली आणि मग दोन ओळी गायली. आवाज फाटलेला, पण सूर जागच्या जागी. खिशातला मोबाईल काढून ते ध्वनिमुद्रित करावे, हे मला सुचलेच नाही. पुन्हा कधी म्हटले तर ती हसून टाळे. आत्या 2019 साली गेली. माझ्या वहीत अकरा पाने आहेत. आवाज नाही.

आजीबाईही आता नाहीत, असे मुलाने कळवले. त्यांचे ते पान मी कधी कधी संगणकावर उघडते. त्यात लोणी आहे, दांड्याला हात लावायचा नियम आहे, आणि अमेरिकेला गेलेली बहीण नाही. ती मी माझ्या वहीत, आत्याच्या पुढच्या पानावर लिहून ठेवली आहे.

आता दिवाळीच्या निमित्ताने तुमच्याही घरी मंडळी जमतील. पाटावर कुणी आजी, काकू, मावशी बसलेली असेल. तिला चकलीच्या भाजणीचे प्रमाण अवश्य विचारा. ती आनंदाने सांगेल. मात्र ते सांगून झाले, की लगेच उठू नका.