घर किती वर्षं थांबू शकतं?

माझ्या चुलत बहिणीला फिजिक्समध्ये संशोधन करायचंय. घरच्यांचं म्हणणं, फायनान्समध्ये एमबीए कर. ती कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातली इंजिनियर मी, म्हणून 'ताई, तूच आकडे काढ' असं ठरलं. एक्सेल उघडणं हा तसाही माझा रोजचा धंदा.

आधी विज्ञान. दोन वर्षं एमएस्सी. मग नेट देऊन जेआरएफ मिळाली, तर जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं ४२,०००. घरभाडं भत्ता सोडून पाच वर्षांचे २४ लाख होतात. वाईट नाही. पण दरवर्षीचं इन्क्रिमेंट विसरा. याआधीची वाढ २०१९ची, तेव्हा रक्कम ३१,००० झाली होती. मधली चार वर्षं तीच. पीएफही नाही.

पीएचडी होईपर्यंत वय २८-२९. त्यानंतर पोस्टडॉक, बरेचदा परदेशात. म्हणजे पक्की नोकरी तिशीनंतरच. आयसरमध्ये असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनचं मूळ वेतन १,०१,५००पासून सुरू होतं, कॉलेजात ५७,७००पासून. वर भत्ते. पगार चांगलाच आहे, जागा मोजक्या आहेत. नेट, पीएचडी सगळं झालेली किती तरी माणसं आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास, तितके पैसे.

आता फायनान्स. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षांची फी २५ लाखांच्या आसपास आहे. २० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण २६,४०० रुपये. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या पगारात तो सहसा मावतो. खरी अडचण खालच्या फळीतल्या कॉलेजांची. फी तिथेही लाखांत, आणि नोकरी बरेचदा सेल्सची: कर्ज खपवा, विमा खपवा, टार्गेट गाठा. त्यांच्या जाहिरातीत 'सरासरी पॅकेज' असतं. शंभरातल्या दोघांना कोटभर मिळाले की सरासरी फुगते. तुम्ही मध्यक विचारा. सांगत नसतील, तर तेही उत्तरच.

दोन्ही कॉलम शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं: विज्ञानात माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला थांबावं लागतं. आणि थांबणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याच्या वडिलांना पेन्शन आहे आणि पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, त्याला ३७,००० पुरून उरतील. माझ्या काकांचे इचलकरंजीत आठ यंत्रमाग आहेत, त्यांतले चार बंद. धाकटा मुलगा बारावीत. या घरात फेलोशिपमधले दहा हजार तरी दरमहा गावी जाणार. तिशीपर्यंत लग्नाचा विषय पुढे ढकलावा लागणार, आणि मुलगी असल्यामुळे त्याचं उत्तर तिलाच रोज द्यावं लागणार. याला एक्सेलमध्ये कॉलम नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने होती. फिजिक्समध्ये पीएचडी केलेली माणसं नंतर बँकांच्या रिस्क विभागात, ट्रेडिंग फर्ममध्ये, डेटा सायन्समध्ये जातात. गणित आणि कोडिंग तिथे चालतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर एमबीए सोडून फिजिक्सकडे वळलेलं मात्र मला कुणी माहीत नाही. एक दार नंतरही उघडतं, दुसरं सहसा नाही.

तिला हे सगळं पाठवलं. तिने एवढंच विचारलं, "ताई, पहिली पाच वर्षं मी घरी काहीच नाही पाठवलं तर चालेल का?" खोडदच्या जीएमआरटीत विज्ञान दिनाला ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघून आल्यापासून ही मुलगी फक्त रेडिओ लहरींबद्दल बोलत असते. आणि प्रश्न विचारला तो हा.

मी काकांना फोन केला. म्हटलं, धाकट्याच्या इंजिनियरिंगची फी मी भरते, हिला एमएस्सी करू द्या. काका बराच वेळ बोलले नाहीत. मागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता.

"त्याच्या फीचं आमचं आम्ही बघू," ते म्हणाले. "पण ही पाच वर्षांनी परत आली आणि नोकरी नसली, तर तेव्हा तू फोन उचलायचास."

मी हो म्हटलंय. या रविवारी तिचा जॅमचा फॉर्म भरायला बसतोय.