बटण बंद होते, तरीही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. फजरची अजान व्हायची होती. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वजूसाठी न्हाणीघरात गेल्या आणि एकदम किंचाळल्या. मी धावले, पण ह्यांनी मला दारातच अडवले आणि आधी मेन स्विच बंद केला. अम्मी ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात थरथरत होता. "खिडकीनं झटका दिला गं," एवढेच त्या बोलल्या.

हिंगणघाटचे आमचे घर जुने. न्हाणीघराला एकच लहान खिडकी, लोखंडी चौकटीची. पावसाळ्यात भिंतींवर बुरशी चढते, म्हणून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवायचे ठरले. वायरमनने मजुरी सांगितली, ती मला जास्त वाटली. "दोन तारा तर जोडायच्या," असे म्हणत मी ते काम भाच्याला सांगितले. मुलगा हुशार, मोबाइल दुरुस्त करतो. अर्ध्या तासात पंखा फिरू लागला. वाचलेल्या पैशांचे मला कौतुकच वाटले होते.

त्या सकाळी अम्मींना डॉक्टरांकडे नेऊन आणले. अल्हम्दुलिल्लाह, कोपराच्या सुजेवर निभावले. मग त्याच वायरमनला बोलावले. त्याने पंख्याचे बटण बंद ठेवले, मेन चालू केला आणि खिडकीच्या चौकटीला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला!

"मॅडम, बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलंय," तो म्हणाला. "त्यानं पंखा थांबतो, पण फेजची तार पंख्यापर्यंत जिवंतच राहते. बटण नेहमी फेजवर पाहिजे."

पंखा उतरवला तेव्हा उरलेलेही कळले. पत्र्याच्या कडेवर घासून तारेचे आवरण सोलले होते. पंख्याचे अंग पत्र्याचे, ते स्क्रूने लोखंडी चौकटीला कसलेले. अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच नव्हती. म्हणजे २३० व्होल्टचा दाब थेट खिडकीपर्यंत आला होता, आणि अम्मी अनवाणी, ओल्या हातांनी उभ्या होत्या.

"पण एमसीबी का पडला नाही?" ह्यांनी विचारले. उत्तर ऐकून मी गप्प झाले. एमसीबी तारा तापू नयेत म्हणून असतो. आमचा ६ अँपिअरचा. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. माणसासाठी वेगळे यंत्र लागते, आरसीसीबी. ते ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे ६ अँपिअरचा दोनशेवा भाग. आमच्या घरी ते नव्हतेच.

मग त्याने खिशातून आपला परवाना काढून दाखवला. घरातला जुना पंखा, दिवा किंवा बटण तसेच्या तसे बदलणे वेगळे. पण नवा पॉइंट काढणे हे वायरिंगचे काम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार ते परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवे. मीटरच्या पुढचे वायरिंग आपल्या जबाबदारीचे. तिथे महावितरणकडे बोट दाखवता येत नाही.

आता बटण न्हाणीघराच्या बाहेर आहे आणि फेजवर आहे. पंखा उंचावर, पाणी उडणार नाही अशा जागी. तारा पाइपातून नेल्या, जोड बंद डबीत केले. हिरवी तार पंख्याच्या अंगाला जोडली. अंगणातला अर्थिंगचा खड्डा तपासला तर कोरडा ठणठणीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालावे लागते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. दाराखाली बोटभर फट ठेवली, कारण बाहेरून हवा आत आली नाही तर पंखा दमट हवा ओढणार कशी?

भाच्याला मी रागावले नाही. चूक माझी होती. वर्गात मुलांना सांगते, अर्धवट माहितीवर उत्तर लिहू नका, आणि घरात मीच अर्धवट माहितीच्या हाती अम्मींचा जीव दिला. तो मुलगा त्या दिवशी वायरमनच्या शेजारी उभा राहून सगळे बघत होता. आता आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला जायचे म्हणतो.

भगिनींनो, आज एवढे करा. आपल्या मेन बोर्डवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले छोटे बटण आहे का, ते बघा. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. बटणच नसेल, किंवा दाबूनही वीज जात नसेल, तर परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. न्हाणीघरात मुंग्या आल्यासारखे जरी वाटले, तरी "दमटपणामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका.

आमच्याकडे ते बटण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबले जाते. आठवण अम्मीच करतात. अजून वजूला जाताना त्या खिडकीपासून हातभर लांब उभ्या राहतात, आणि ते बघितले की मला ती वाचवलेली मजुरी आठवते.