बारा वर्षं

काल झोप येईना, म्हणून 'फ्युचरामा'चा 'जुरासिक बार्क' हा २००२ सालचा भाग पुन्हा लावला. शेवटचं मिनिट बघायचं नाही असं ठरवून. बघितलंच.

एरवी हे मोठ्यांसाठीचं वात्रट कार्टून. फ्राय हा न्यूयॉर्कमधला पिझ्झा पोचवणारा पोरगा, १९९९च्या ३१ डिसेंबरला चुकून गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. या भागात म्युझियममध्ये त्याला त्याचाच कुत्रा दिसतो, सीमोर. दगड झालेला. प्रोफेसर त्याला परत जिवंत करणार असतात, पण तेवढ्यात कळतं की सीमोर १५ वर्षांचा होऊन मेला. म्हणजे फ्रायनंतर १२ वर्षं जगला. मग तो मला विसरलाच असणार, असं म्हणून फ्राय सगळं थांबवतो.

आणि मग आपल्याला दिसतं, सीमोर त्या पिझ्झाच्या दुकानासमोर बसलाय. ऋतू बदलतायत, तो बसलाय..

पुढे २००७च्या 'बेंडर्स बिग स्कोअर'मध्ये फ्रायचाच एक जोडीदार फ्राय भूतकाळात जाऊन सीमोरला भेटतो, असं दाखवून सगळं गोड करून टाकलं. मला नाही पटलं. असो.

मी शिकायला बाहेर पडलो तेव्हा आमचा मोत्या सहा वर्षांचा होता. फोनवर विचारलं की आई म्हणायची, "मजेत आहे, तुला विसरलासुद्धा." बरं वाटायचं मला.

मागच्या दिवाळीत बाबा सहज बोलून गेले, मी कॉलेजहून ज्या एसटीने यायचो, तिच्या वेळेला तो रोज फाटकाशी जाऊन बसायचा.

आई "चहा टाकते" म्हणून उठली.